वन्संना घेऊन रानात

१४ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून मटार सोलत होते. रविवारच्या डब्यासाठी मटार-बटाट्याची सुकी भाजी करायची होती. रानात रश्श्याचं काही नेलं की ते पिशवीत सांडतं, हे मी पहिल्याच खेपेला शिकले. हॉलमध्ये नवरा गावच्या चुलतभावाशी फोनवर बोलत होता. आवाज खाली ठेवून बोलत होता, पण आमच्या घरात त्याचा काही उपयोग नाही. एक हॉल, एक बेडरूम.

"मंगळवारी येऊन गाय तुझ्या गोठ्यात घेऊन जा. कोंबड्यांचं काय ते तू बघ. घराला कुलूप घाल. नाही, आक्का आता येत नाही. कायमचं म्हणजे कायमचंच."

आक्का म्हणजे त्याची मोठी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. वय पासष्टच्या पुढे, मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. रत्नागिरीकडे माहेरच्या घरात त्या एकट्या राहतात. गणपतीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या. ऑपरेशन झालं, डोळे स्वच्छ झाले, पण परत जायचा विषय निघाला की नवरा दुसरंच काहीतरी बोलायचा. गावी गायीकडे शेजारीण बघत होती. गाय जाणार, घराला कुलूप लागणार, हे वन्संना अजून कोणी सांगितलं नव्हतं. त्या बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होत्या. बाहेर अंधारून आलं होतं.

"वन्सं, येताना कुंडीतला कढीपत्ता आणा," मी आतून हाक मारली.

उत्तर नाही.

नवऱ्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून बाल्कनीकडे बोट केलं. "बघितलंस? हे असं. आक्का! आक्का! अगं आक्का!"

"ओ," बाहेरून आवाज आला.

"तीन-तीनदा हाका माराव्या लागतात. कान गेलेत का डोकं गेलंय, देवाला माहीत. उद्या गावी घरात पडली तर कोणाला कळणार?"

त्याच्या मनात खारी गावची ती गोष्ट होती. दिवाळीनंतर वन्सं एकदा कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरल्या आणि घरी आल्याच नाहीत. आम्ही आमचं पूनम सागर कॉम्प्लेक्स अख्खं पालथं घातलं. शेवटी त्या पार पलीकडच्या खारी गावात सापडल्या, एका जुन्या घराच्या ओट्यावर, त्या घरच्या बाईबरोबर वाल सोलत. "हितं सगळ्या बिल्डिंगा एका तोंडाच्या. तिकडं घर दिसलं, म्हटलं बसावं," असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं. लालबागहून इथे राहायला आलो त्या वर्षी मी स्वतः दोनदा दुसऱ्याच विंगेत जाऊन दुसऱ्याच्या दाराला चावी लावली होती. नवऱ्याला पटलं नाही. तो तेव्हापासून बहिणीकडे असा बघायचा, जणू ती रोज थोडी थोडी पुसली जाते आहे.

मी काही फार प्रेमळ भावजय नाही. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यावर घरात जरा जागा झाली होती आणि ती मला हवी होती, हेही खरं. पण वन्संची पिशवी गेला महिनाभर भरून दाराआड ठेवलेली होती. शुक्रवारीच त्यांनी मला विचारलं होतं, "गाय व्यायला झाली असंल गो. कोण बघत असंल रात्रीचं?" माणसाला जायचं असताना धरून ठेवायचं, तेही न सांगता, हे मला बघवेना.

"मी उद्या वन्संना माझ्याबरोबर नेते," मी म्हणाले.

"कुठे? जंगलात?"

"चार-पाच तास चढून उतरल्या, वाट चुकल्या नाहीत, तर तू गाय राहू देणार. त्यांना जाऊ देणार."

नवरा हसला. "आणि चुकली तर?"

"तर मी परत हा विषय काढणार नाही."

"लक्षात ठेव हां. मग तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडणार."

मटारांत एक अळी निघाली. ती मी सालांबरोबर टाकली.

या रविवारच्या चालण्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझा गुडघा धरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला. सोसायटीच्या बागेत तेच तेच गोल फिरून मला वीट आला. मग कळलं की जिथे बसने किंवा गाडीने जाता येतं अशी जंगलं आपल्या अवतीभवती आहेत, घोडबंदरच्या अंगाला, वसईच्या पलीकडे. मी हळूहळू बायका गोळा केल्या. अट एकच, स्वतःच्या गाडीने यायचं नाही. बसने जायचं, बसने यायचं. गाडी असली की एक जण लवकर निघतो आणि बाकीच्यांची चाल बिघडते. दुसरी अट, रानात कोणी एकटीने मागे राहायचं नाही. आडोशाला जायचं तरी दोघींनी जायचं. अंधेरीत एका कंपनीचं स्टोअर्स सांभाळते मी. माल आत किती गेला आणि बाहेर किती आला हे बघायची सवय आहे. माणसांनाही तोच हिशेब लावते.

त्या रविवारी लग्नसराई होती. येणाऱ्या बायकांपैकी समोरच्या ब्लॉकमधल्या गुजराती बेन तेवढ्या आल्या. बेन म्हणजे सतत बोलणारी, सतत खाऊ काढणारी बाई. काशिमीऱ्याला बसमध्ये चढताच त्यांनी ठेपल्यांचा डबा उघडला.

"मासी, लो ना. जंगलमध्ये भूख लागते."

"अजून जंगल खूप लांब हाय," वन्सं म्हणाल्या, पण ठेपला घेतला. "मेथी चांगली हाय. तिखट जरा कमी."

"भाभी, ही मासी तर आमच्या सासूसारखी बोलते. पहिला खाते, मग नुक्स काढते!"

कंडक्टरही हसला. मी मात्र वन्संच्या पायांकडे बघत होते. माझे जुने बूट त्यांनी नाकारले होते. पायात पट्ट्यांच्या चपला, नऊवारी जरा वर खोचलेली. बूट घातले तर पायाला जमीन कळत नाही, म्हणे.

गेटवर वनरक्षकाने आमची नोंद केली. जवळच्याच पाड्यावरचा माणूस होता तो. "पाचच्या आत खाली या मावशी. वर पाण्यावर बिबट्याचं पाय उमटलेत. येकटं कुनी ऱ्हायचं न्हाय."

"ऐकलंत ना?" मी दोघींना म्हणाले.

"गावी पन असतो तो," वन्सं म्हणाल्या. "आपल्याला काय करतोय."

चढ त्यांनी असा चढला की मला आत कुठेतरी हलकं वाटलं. घाई नाही, थांबणं नाही. बेन प्रत्येक वळणावर झाडाला धरून उभ्या राहत होत्या. वन्सं वाटेवरचे दगड पायाने बाजूला सारत चालल्या होत्या, जणू स्वतःच्या अंगणातले. वर पठारावर आम्ही जेवलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि त्यांच्यामागे आमचे टॉवर, काड्यापेट्या उभ्या केल्यासारखे. वन्संनी विचारलं, "यातली आपली कुठली?" मला दाखवता आली नाही.

मनात मी नवऱ्याला सांगायचं वाक्य तयार करत होते. बाई तुझ्याहून चांगली चढते.

उतरताना मी पुढे, बेन मध्ये, वन्सं मागे. ही चूक माझी. नव्या माणसाला मध्ये ठेवायचं असतं. पण त्या इतक्या सराईत चालत होत्या की मी त्यांना नवं धरलंच नाही. वाटेत पोरांचा एक घोळका वर येताना भेटला, पाठीवर स्पीकर, गाणी जोरात. त्यांना वाट द्यायला आम्ही एकेक जण कडेला झालो. मग बेन त्यांच्या सुनेबद्दल काहीतरी सांगायला लागल्या, आणि आम्ही खाली कोरड्या नाल्याशी येऊन थांबलो.

थांबलो, आणि कोणी आलं नाही.

"मासी दमली असेल," बेन म्हणाल्या.

मी वाटेकडे बघत राहिले. पोरांचं गाणं वर, दूर, बारीक होत गेलं आणि मग बंद झालं. तरी कोणी आलं नाही.

पोरं भेटली होती त्या जागेपर्यंत आम्ही परत चढलो. वाट रिकामी. दोन्ही बाजूला वाळलेली कारवी, माणसाच्या डोक्याच्या वर. धुळीत आमचेच पाय.

"भाभी, बिबट्या..."

"बेन, गप्प. तुम्ही खाली जा, सरळ वाटेने, गेटवर. गार्डला सांगा आणि माणसं घेऊन या. कुठेही वळायचं नाही."

"आणि तुम्ही एकट्या?"

"माझी काळजी करू नका. जा."

माझाच नियम मी मोडत होते, पण दोघींनी मिळून खाली जाण्यात अर्थ नव्हता. बेन गेल्या. पहिल्यांदाच त्या काही न बोलता चालत होत्या.

माणूस हरवला तर काय करायचं, हे मी एका शिबिरात शिकलेले आहे. एक हाक मारायची. मग श्वास धरून ऐकायचं. सारखं ओरडत राहिलं तर आपल्याच आवाजात समोरच्याचं उत्तर बुडतं. मग जागा बदलायची, पुन्हा एक हाक.

"वन्सं!"

पानांचा आवाज. एखादा पक्षी. ऐकलं. काही नाही.

थोडं खाली जाऊन पुन्हा. "वन्सं!" काही नाही. थोडं वर. काही नाही. गळ्यातली शिट्टी काढून एकदा लांब फुंकली. त्यानंतर तर पक्षीही गप्प झाले.

वाटेच्या खालच्या अंगाला उतार होता, तिथे कारवीत शिरून बघितलं. साडीचा रंग आठवत राहिले, गर्द हिरवी. रानात हिरवी साडी. सकाळी मीच म्हणाले होते, ही नेसा, हिच्यावर डाग दिसत नाहीत.

सूर्य डोंगराच्या कडेला आला होता. डिसेंबरातलं ऊन एकदा डोंगराआड गेलं की काळोख पडायला वेळ लागत नाही. मी हिशेब करत होते. पडल्या असतील तर ओरडतील. ओरडत नाहीत म्हणजे शुद्धीवर नाहीत, किंवा ऐकू येण्याच्या पलीकडे गेल्या आहेत. दोन्ही वाईट. आणि तिसरी शक्यता नवऱ्याची होती, की त्या कुठेतरी एखाद्या दगडावर बसल्या असतील आणि आपण कुठे आहोत हेच त्यांना कळत नसेल. खरं सांगते, त्या क्षणी मलाही तसं वाटायला लागलं. खारी आठवली. बाल्कनी आठवली. मी माझ्या हट्टापायी एका म्हाताऱ्या बाईला इथे आणलं होतं.

खालून काही दिसेना, म्हणून मी डोंगराच्या सोंडेवर चढले. वर उघड्यावर येताच फोनला रेंज आली आणि लगेच वाजला. नवरा.

"कुठवर आलात?"

"उतरतोय," मी म्हणाले.

"आक्काला दे जरा."

"त्या... पुढे आहेत. बेनबरोबर."

"धाप का लागलीये तुला?"

"चढ आहे म्हणून."

"उतरताय म्हणालीस ना?"

वाऱ्याचा आवाज फोनमध्ये गेला असावा.

"हे बघ, तिला नजरेआड करू नकोस," तो म्हणाला. "आणि एका हाकेवर विसंबू नकोस. ती पहिल्या हाकेला ऐकतच नाही. तीनदा ओरडावं लागतं, तेव्हा कुठे ओ देते बाई. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणाले आणि फोन कट केला.

तो खिशात टाकताना हात थांबला.

तीनदा. तिसऱ्या हाकेला ओ. शनिवारी बाल्कनीत तसंच. आणि त्याआधीही, घरात, कधी? दिवसा त्या नीट उत्तर देतात. समोर असल्या की नीट उत्तर देतात. उत्तर देत नाहीत ते दिवे लागताना, हाक मारणारा दिसत नसेल तेव्हा.

मग सासूबाई आठवल्या. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात गावी गेले होते. संध्याकाळी परसात लाकडं आणायला निघाले तर त्यांनी मला दारात अडवलं होतं. बाहेर कोणी हाक मारली तर तीन हाका पुऱ्या झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. चकवा एकदा हाक मारतो, फार तर दोनदा. तीनदा मारतो तो माणूस. मी लालबागची, चाळीत वाढलेली. तिथे पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर नळाचं पाणी जातं. मुंबईला आल्यावर मी ही गोष्ट ऑफिसात सांगून सगळ्यांना हसवलं होतं आणि मग साफ विसरले होते.

आणि इथे मी काय करत होते? एक हाक. मग शांतता. मग दुसऱ्याच दिशेने एक हाक. मग शांतता.

मी धावत खाली आले, पोरं भेटली होती त्या जागेवर. छातीत हवा भरली.

"वन्सं! वन्सं! वन्संऽऽ!"

"ओऽऽ!"

खालून, कारवीतून. मी ज्या उतारावर मघाशी शिरले होते, त्याच्याच जरा पलीकडून. इतक्या जवळून की मला आधी रागच आला.

एका मोठ्या दगडाला टेकून त्या बसल्या होत्या, एक पाय लांब केलेला. घोटा पावासारखा फुगला होता. चेहरा कोरडा, ओठ पांढरे.

"तूच काय गो?" त्या म्हणाल्या.

"मीच. दुसरं कोण असणार? केव्हापासून हाका मारतेय मी!"

"तू मारत व्हतीस?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, खात्री केल्यासारखं. "मला काय ठावं. एक हाक वरून आली, मग एक खालून, मग आणिक तिसरीकडून. आणि मग शिटी. तिन्हीसांजेला शिटी कोण वाजवतो? म्हटलं, हे काय माणसाचं काम नाय. गप बसावं."

मी त्यांच्या शेजारी बसले.

काय झालं ते त्यांनी सांगितलं. त्यांना आडोशाला जायचं होतं. सांगायची लाज वाटली, त्यात ती पोरं आली. पोरांच्या नजरेआड म्हणून जरा लांब उतरल्या आणि सुट्या दगडावरून पाय घसरला. तेव्हा त्यांनी मला हाक मारली होती, तीही तीनदा. पण वाटेवर पोरांचा बाजा वाजत होता आणि आम्ही सुनेच्या गोष्टी ऐकत पुढे गेलो होतो.

"वाट ठाऊक होती का तुम्हाला? इथून?"

"ही काय वर वाट," त्यांनी मान न वळवता बोट दाखवलं. "खाली नाला. नाल्याच्या अंगानं गेट. रांगत गेली असते, पण म्हटलं, तू परत येशील. माणसं मोजतेस ना तू सारखी."

मी पिशवीतून पट्टी काढून घोटा आवळून बांधला. त्या एकदाच "आई गं" म्हणाल्या. एका खांद्यावर त्यांचा हात घेतला, दुसऱ्या हातात त्यांना एक काठी दिली, आणि आम्ही पावलापावलाने वाटेवर आलो. नाल्याशी बेन भेटल्या, वनरक्षक आणि पाड्यावरचे दोघे जण घेऊन. बेनने वन्संना बघितलं आणि त्या रडायला लागल्या.

"मासी, तुम्ही जवाब का नाय दिला?"

"तीन हाका कुठं मारल्या हिनं?"

वनरक्षक हसला नाही. "बरोबर हाय," म्हणाला. "आमच्यात बी तसंच हाय."

पाड्यावरच्या दोघांनी हातात हात गुंफून त्यांना बसवून रस्त्यापर्यंत आणलं. बस आली. कंडक्टरने आमच्याकडे बघून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. रविवारची उतरती गर्दी होती. वन्संना पुढची सीट मिळाली. बेनने शेवटचा ठेपला त्यांच्या हातात ठेवला. या वेळी त्यांनी नुक्स काढलं नाही.

बसमध्ये मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. पैज मी हरले होते. पाय सुजलेला, काळोख पडलेला, आणि नवऱ्याशी मी फोनवर खोटं बोललेले. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं.

दार त्यानेच उघडलं. त्याची नजर सरळ घोट्यावर गेली.

"झालं?" तो म्हणाला. "हरवली ना?"

"पाय मुरगळलाय," मी म्हणाले. "हरवल्या नाहीत. मी त्यांना शोधू शकले नाही, ही वेगळी गोष्ट आहे."

"मग आता बोलणं संपलं. उद्या गावी फोन करतो, मंगळवारचं पक्कं."

वन्सं सोफ्यावर बसत होत्या. त्या थांबल्या. "मंगळवारचं काय?"

टीव्हीवर बातम्या चालू होत्या, नवऱ्याने त्या बंद केल्या. मग मीच सांगितलं. गाय, कोंबड्या, कुलूप. तोंड उघडणार नाही असं म्हणाले होते, पण ते त्याच्याशी. त्यांच्याशी तसं काही ठरलं नव्हतं.

वन्सं पायाच्या पट्टीकडे बघत बसल्या. मला वाटलं आता रडतील. मी पाणी आणायला उठले.

"का रे बाबू?" त्या म्हणाल्या. "माझं काय चुकलं?"

"आक्का, तुला ऐकू येत नाही. आठवत नाही. हाक मारली तर..."

"कुठली हाक?"

"काल बाल्कनीत. रोजच. पहिल्या हाकेला तू ओ देतेस का कधी?"

"दिवेलागणीला?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तिन्हीसांजेला, माणूस दिसत नाय, आणि एका हाकेला मी ओ देऊ? आईनं काय शिकवलंन आपल्याला? तू रडत आला व्हतास एकदा आंब्याखालून, कोणी हाक मारली म्हणून. तुला पदराखाली घेऊन कोण बसली व्हती? तुला याद नाय?"

नवरा उभा होता तो खुर्चीवर बसला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी खूप मागून येत होतं, हळूहळू.

"आंब्याखाली," तो म्हणाला. "बैल सुटले होते तेव्हा?"

"तेव्हाच."

"ते मी विसरलोच होतो."

"मग तुला ठेवायचं का कुलपात?" वन्सं म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन तव्यावर मीठ गरम करत ठेवलं, पाय शेकायला. जेवताना तो 'हो' म्हणाला नाही, त्याचा तो स्वभाव नाही. 'नाही'ही म्हणाला नाही. झोपताना एवढंच म्हणाला, "फोनवर खोटं का बोललीस?"

"तू खरं ऐकून काय केलं असतंस?"

त्याने दिवा घालवला.

सोमवारी सकाळी मी दूध तापत ठेवलं आणि ऑफिसला कळवलं की उशिरा येईन. मग चुलतदिरांचा नंबर लावला. नवरा टेबलाशी चहा घेऊन बसला होता, पेपर उघडा, पान उलटत नव्हतं.

"भावोजी, उद्या गाय न्यायला जाऊ नका," मी म्हणाले. "आणि कोंबड्याही आहेत तिथेच राहू देत."

"पन वयनी, दादा तर बोलला व्हता..."

"दादा इथेच बसलाय, चहा पितोय. देऊ का फोन?"

मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. नको.

"नाही म्हणतोय," मी सांगितलं. "गाय व्यायला आली असेल, तर रात्री कोणाला तरी गोठ्यात झोपायला सांगा."

"आक्का येतेय काय मग?"

"पाय ठीक झाला की. एक्स-रे काढून कळवते."

मग दूध उतरवलं, गॅस बंद केला, वन्संना नवऱ्याची जुनी मोठी चप्पल घातली आणि रिक्षा बोलवायला खाली गेले.